बिनशेंगदाण्याचं घर

सोलापुरात भाड्याचं घर बघायला गेलं की मालक काय काय विचारतात ते आम्हाला पाठ झालं होतं. जात आडून विचारतात, खाणं सरळ विचारतात आणि पाणी किती लागतं ते दारातच विचारतात. भवानी पेठेतल्या अक्कांनी यांतलं काहीच विचारलं नाही. माझ्या कडेवरच्या लेकीकडे बोट करून त्या म्हणाल्या, "ही बोलती का?"

माझं डोकंच उठलं. लेक दोन वर्षांची होऊन गेली तरी एक शब्द बोलत नव्हती, आणि हा प्रश्न सासरच्यांपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांनी मला विचारून झाला होता.

"नाही बोलत," मी म्हटलं. "घर द्यायचं नसेल तर तसं सांगा."

"रडती का मोट्यानं?"

"रडते."

"मंग ऱ्हावा की," अक्का म्हणाल्या आणि जिना दाखवायला पुढे झाल्या. वर पोहोचल्यावर त्यांनी अटी सांगितल्या. "घरात शेंगदाणा आनायचा न्हाय. कच्चा न्हाय, भाजलेला न्हाय. आन् लेकराला 'गप्प बस' म्हनायचं न्हाय. रडू दे, वरडू दे. माजी काय तक्रार न्हाय. गप्प बसलेलं लेकरू मात्र मला चालत न्हाय."

जिना उतरताना नवरा माझ्या कानात म्हणाला, "बाई जरा हललेली दिसते." भाडं परवडणारं होतं, खोल्यांत उजेड होता. आम्ही सामान आणलं.

आता अक्का नाहीत. आम्हीही ते घर सोडलं. लेक शाळेत जाते आणि तोंड मिटत नाही. पण कुणाच्या घरी लहान मूल खेळता खेळता एकदम शांत झालं, की बाकीच्या बायका सुटकेचा श्वास टाकतात आणि मी तटकन उठून बघायला जाते. ही सवय मला अक्कांनी लावली.

सोलापुरात राहून शेंगदाण्याशिवाय संसार करणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. माझं माहेर मोडनिंबचं. आमच्याकडे पोह्यात दाणे, भाजीत कूट आणि कशातच काही नसलं तर भाकरीवर शेंगाचटणी. आई दर महिन्याला चटणीची बरणी पाठवायची. ती मी होटगी रोडला नणंदेकडे ठेवायची आणि तिच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या, चोरून विडी ओढावी तशी, खाऊन यायची. नवरा ऑफिसात खायचा. घरी आला की ओट्यावर बसलेल्या अक्का नाक वर करायच्या. "खाल्लंय न्हवं?" तो मान खाली घालून जिना चढायचा. एवढा बाप्या माणूस, पण अक्कांपुढे त्याची शाळकरी पोरासारखी गत व्हायची.

अक्का बांध्यानं बारीक, उंच, पाठ अजून ताठ. बोलणं गल्लीतल्या सगळ्यांसारखं मराठी, पण रागात आणि लाडात तेलुगू. साडीचा पदर खोचलेला आणि कमरेला कोन. कोन म्हणजे सुताचा. गिरणीतून सूत ज्याच्यावर गुंडाळून येतं तो पुठ्ठ्याचा पोकळ कोन, एका अंगाला रुंद आणि दुसऱ्या अंगाला अरुंद. त्यांच्या मालकांचे, म्हणजे नवऱ्याचे, कधीकाळी स्वतःचे यंत्रमाग होते. घरात मागाची म्हणून उरलेली वस्तू हीच.

या कोनाचा उपयोग असा, की कुठल्याही लेकराच्या हातात काही दिसलं की अक्का ते काढून घेत आणि कोनाच्या रुंद तोंडातून आत टाकत. वस्तू अडकली तर परत मिळायची. खालून पडली तर ती गेली. गोटी, बटण, पेनाचं टोपण, द्राक्ष, चिंचोका, जे पडेल ते अक्कांच्या पिशवीत जमा. गल्लीत कुणाकडे वाढदिवस असला की आमंत्रण नसताना त्या हजर असत. केक खायला नव्हे, भेटवस्तू तपासायला. एकदा समोरच्यांच्या नातवाला कुणी नवी कोरी गाडी दिली होती. अक्कांनी सगळ्यांसमोर तिचं चाक दातांनी ओढून काढलं आणि कोनातून खाली पाडून दाखवलं.

"ओ अक्का, मोडली की गाडी!" पोराचा बाप ओरडला.

"मोडली तर मोडली. गाडी दुसरी मिळती," अक्का म्हणाल्या आणि चाक पिशवीत टाकून चालू लागल्या.

लोक हसायचे, चिडायचे, मागून 'कोनवाली' म्हणायचे. पण दुपार झाली की त्याच घरांतल्या बायका आपापली लेकरं अक्कांच्या हवाली करून कामाला बसायच्या. कुणी विड्या वळायची, कुणी टॉवेलांच्या कडा शिवायची. लेकरू अक्कांकडे आहे म्हटल्यावर मागं वळून बघायची गरज नसे.

घराच्या मागं एक लांबट शेड होती. पूर्वी तिथं माग चालायचे. फरशीवर तेलाचे काळे डाग होते आणि माग जिथं रोवलेले होते तिथली भोकं सिमेंटनं बुजवलेली होती. पलीकडे दुसऱ्याचा कारखाना होता आणि मधली भिंत एकच. त्या भिंतीवर अक्कांनी जुन्या गाद्या खिळे मारून टांगल्या होत्या, खालपासून वरपर्यंत. पलीकडच्या मागांचा आवाज येऊ नये म्हणून. तरी धपधप यायचीच. मग अक्का भिंतीकडे बघून तेलुगूत काहीतरी पुटपुटायच्या. ते चांगलं नसावं.

या शेडमध्ये त्या लेकरांना खेळवायच्या. एका घमेल्यात ओली माती, एकात नुसतं पाणी आणि दोन तांबे. एका परातीत कणकेचा गोळा. खेळून झाला की तो गाईला जायचा. अन्न वाया गेलेलं त्यांना खपत नसे. कोपऱ्यात चादरीच्या चिंध्यांचा ढीग. आणि पिशव्या. या पिशव्या ही अक्कांची खरी कला. जाड चादरीच्या तुकड्यांच्या, तळहाताएवढ्या पिशव्या, एकीत ज्वारी, एकीत चिंचोके, एकीत वाळू, एकीत खडेमीठ. दुहेरी शिवण. शिवून झाली की अक्का ती दातांत धरून दोन्ही हातांनी ओढायच्या. टिकली तरच पोरांना द्यायच्या. पोरं त्या दाबायची, हलवायची, कानाशी धरायची, वास घ्यायची. मिठाची पिशवी चाटून चाटून ओली करायची.

पण खेळायचं ते आवाज करत. हा नियम होता. बाकी जगात मोठी माणसं पोरांना गप्प करतात, अक्का फिरत फिरत प्रत्येकाच्या पाठीवर टिचकी मारायच्या. "माट्लाडु! बोल रे बोल! काय करतोस ते सांग!" ज्याला बोलता येत नाही त्यानं नुसतं 'आ' करायचं. दहा-बारा लेकरं एकाच वेळी 'आऽऽ' करत चिखल थापताहेत आणि मधे अक्का समाधानानं बसल्यात, असं ते दृश्य असायचं. नवखा माणूस दारातूनच परत जायचा.

उन्हाळ्यात एके दुपारी त्यांनी बर्फाच्या कारखान्यातून अख्खी लादी आणवली आणि परातीत ठेवली. बाहेर सोलापूर भाजून निघत होतं. पोरांनी आधी बोट लावलं, मग हात, मग सदरे वर करून पोटं टेकवली. एवढी किंचाळी मी आयुष्यात ऐकली नव्हती. अक्कांनीही चपला काढून पाऊल बर्फावर ठेवलं आणि त्याही ओरडल्या. त्या दिवशी त्या मला पहिल्यांदा हसताना दिसल्या.

माझी लेक यात कुठंच नव्हती. तिला ओलं लागलेलं चालायचं नाही. वाळूवर पाय टेकला की ती अंग आकसून घ्यायची. इस्पितळातल्या बोलण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "घरी तिला वेगवेगळे स्पर्श द्या. घाई करू नका." मी घाईच केली. फोनवर व्हिडिओ बघून एका ट्रेमध्ये तांदूळ निळे-पिवळे रंगवले, एकात राजमा भरला आणि त्यात चमचे-वाट्या ठेवून लेकीला समोर बसवलं. याला 'सेन्सरी प्ले' म्हणतात हे मी अक्कांना ऐटीत सांगितलं.

अक्कांनी आधी तांदळांना हात जोडले. मग राजम्याचा एक दाणा उचलला, कोनात टाकला. टप्पकन खाली पडला.

"फोनमदली बाई कुटं ऱ्हाती?"

"मला काय माहीत? परदेशात असेल."

"तितल्या लेकरांना नाकं नसत्यात का?" एवढं बोलून त्यांनी ट्रे उचलला आणि राजमा घेऊन खाली गेल्या. मी जिन्यापर्यंत भांडत गेले. संध्याकाळी राजम्याची आमटी वाटीभर वर आली. तिला चव होती हे मला कबूल करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला खाली नेलं. चिखल नाही, पाणी नाही. कारखान्यातून फेकून दिलेल्या सुताचा गुंता आणून त्यांनी शेडच्या मधोमध ओतला होता. कोरडा, मऊ, सगळ्या रंगांचा. लेकीला त्यात ठेवलं नाही. स्वतः आत जाऊन बसल्या आणि तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. लेक काठावर उभी राहिली. मग वाकली. मग एक धागा ओढला, तो संपेना. तासाभरानं मी बघायला गेले तर ती छातीपर्यंत गुंत्यात बसली होती आणि दोन्ही मुठी सुतानं भरल्या होत्या. मी दाराआड जाऊन रडले. माझ्या लेकीनं आपण होऊन पहिल्यांदाच जगाला हात लावला होता.

पण ती आवाज करत नव्हती, आणि अक्कांना ते सोसेना. 'माट्लाडम्मा, बंगारम', बोल ग माझ्या सोन्या, करून त्या थकल्या. शेवटी त्यांनी तिच्या पायात घुंगरू बांधलं. मोठं, बैलाच्या गळ्यातलं, कोनातून न पडणारं. मग अक्का कुठंही असोत, घुंगराकडे त्यांचा कान असायचा. वाजलं की हात कामाला लागायचे. थांबलं की हातही थांबायचे.

संध्याकाळी पोरं घरी गेली की अक्का दिवा लावायच्या आणि मालकांच्या फोटोपुढे उभ्या राहायच्या. फोटोत एक शांत, रुंद कपाळाचा माणूस. आपण हात जोडतो, अक्का त्याला फैलावर घ्यायच्या.

"समदी पोरं नीट गेली घरला. ऐकताव न्हवं? समद्यांचा आवाज ऐकू येत हुता मला. तुमचे माग न्हाईत आता, म्हनून."

रोज हेच. मला आधी गंमत वाटायची. मेल्या नवऱ्यालाही बायको सोडत नाही, असं मी नणंदेला सांगून हसवलंही होतं.

मग एक दुपार आली. मी वर कपडे घड्या करत होते आणि खालून लेकीची किंकाळी आली. धावत गेले तर अक्कांनी तिला हातावर पालथं धरलं होतं, डोकं खाली, आणि तिच्या पाठीत धपाधप थापट्या मारत होत्या. लेक निळीलाल होऊन रडत होती. मी तिला हिसकावून घेतलं.

"काय केलं तिनं? काय गिळलं?"

समोरच्या घरातल्या पोरीनं सांगितलं, "कायबी न्हाय केलं काकू. ती सुतात झोपली हुती."

ती झोपली होती. घुंगरू वाजायचं थांबलं एवढंच झालं होतं. मला जे तोंडाला आलं ते मी बोलले. तुम्हाला वेड लागलंय, दुसऱ्याच्या लेकराला मारायचा तुम्हाला काय अधिकार, उद्याच घर सोडते. अक्का जमिनीवर बसल्या होत्या आणि म्हणत होत्या, "रडली. रडली की. लई मोट्यानं रडली."

मी खरंच घर बघायला सुरुवात केली. तेव्हा समोर टॉवेल शिवणाऱ्या मावशींनी मला ओट्यावर बसवून घेतलं आणि जे सगळ्या गल्लीला माहीत होतं ते सांगितलं.

अक्कांना एकच मुलगा झाला. चालायला लागला होता. शेडमध्ये माग चालू असायचे, मालक मागावर आणि अक्का तिथंच भिंतीशी बसून कांड्यांवर, मागाला लागणाऱ्या छोट्या नळ्यांवर, सूत भरायच्या. लेकरू पाठीमागं खेळायचं. एक दिवस दुधनीहून कुणी पाहुणा ओल्या शेंगा घेऊन आला. त्यातला दाणा लेकराच्या घशात अडकला. अक्कांनी मागं वळून बघितलं तोवर सगळं संपलं होतं.

"लई आवाज असतो की मागाचा," मावशी म्हणाल्या. "लेकरू वरडलं आसंल, रडलं आसंल. कुनाला ऐकू यायचं? अक्का समद्या गल्लीम्होरं मालकाला म्हनली, तुमच्या मागानं माजं लेकरू खाल्लं. त्यानं जाऊन मेन स्विच पाडला. पुन्हा काय ते माग चालू केलं न्हाईत. इकून टाकलं. स्वताचा कारखाना हुता त्येचा, आन् मरस्तवर दुसऱ्याच्या कारखान्यात राबला. आक्कानं त्याला येक दिवस सोडलं न्हाय. आन् त्यो येक दिवस उलटून बोलला न्हाय."

मी घर बघणं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन खाली गेले. अक्कांनी तिच्या पायाकडे बघितलं, घुंगरू होतं. मग त्यांनी सुताचा गुंता पुढं सारला.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी इस्पितळात आम्हा आयांना बोलावलं होतं. लेकरं बोलण्याच्या वर्गात गेली की बाहेर बसलेल्या आयांना काहीबाही शिकवायचे. त्या दिवशी एक नर्स बाहुली घेऊन आली. लेकराच्या घशात काही अडकलं तर काय करायचं ते ती दाखवत होती. हातावर पालथं कसं धरायचं, पाठीत कुठं मारायचं. अक्कांनी केलं होतं तसंच जवळजवळ. मग ती म्हणाली, "एक लक्षात ठेवा. घसा पूर्ण बंद झाला की मूल ओरडत नाही. रडत नाही. आवाजाला हवा लागते आणि हवाच जात नसते. तुम्ही शेजारच्या खोलीत कान देऊन बसलात तरी काही ऐकू येणार नाही. म्हणून डोळ्यांसमोर ठेवा."

बाकीच्या बाया बाहुली हातात घेऊन करून बघत होत्या. मला पुढचं काही दिसेना. मला ती शेड दिसत होती, भिंतीवरच्या गाद्या दिसत होत्या, आणि संध्याकाळी रोज बोलणी खाणारा तो फोटो.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "कशाला उकरतेस? म्हातारीचं चाललंय ते चालू दे."

मला ते पटलं नाही. एक बाई आयुष्यभर समजत आली होती की आपलं लेकरू आपल्याला हाका मारत होतं आणि आपल्याला ऐकू आलं नाही. तसं झालंच नव्हतं. हे तिला सांगायचं नाही तर कुणाला? तिच्या उरावरचा धोंडा उतरेल असं मला वाटलं. आज विचाराल तरी मी म्हणेन, सांगायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पोरं गेल्यावर मी शेडमध्ये थांबले. अक्का पिशवी शिवत होत्या. मी नर्सचं सगळं सांगितलं, सावकाश, बाहुलीसकट. त्यांची सुई थांबली.

"आवाज येत न्हाय?"

"नाही, अक्का. येऊच शकत नाही."

"शेजारी बसलं तरी?"

"मांडीवर घेऊन बसलं तरी."

"म्हंजी माग बंद असतं, तरीबी?"

"तरीही. त्यानं तुम्हाला हाक मारलीच नव्हती, अक्का. तुमचा कान चुकला नाही."

त्या रडतील, मला जवळ घेतील, असं काहीतरी मी धरून चालले होते. अक्कांनी पिशवी खाली ठेवली. दुहेरी शिवणीतली एकच झाली होती. त्या उठल्या, हळूहळू घरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी दिवा लागला, पण बोलणी ऐकू आली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. कोन खुंटीला टांगलेला राहिला. दुपारी पोरं यायची, खेळायची, आणि अक्का एका जागी बसून बघत राहायच्या. कुणी गप्प झालं तरी टिचकी नाही. पोरांनाच चैन पडेना. ती आपण होऊन 'आऽऽ' करायची आणि अक्कांकडे बघायची.

मी घाबरले. नवरा माझ्याकडे बघून मान हलवायचा. पुढं एका दुपारी अक्कांनी खालून हाक मारली. "ये ग पोरी. लेकीला घिऊन ये."

शेडमध्ये त्या हातोडी घेऊन उभ्या होत्या. भिंतीवरच्या निम्म्या गाद्या खाली पडल्या होत्या. कापूस सगळीकडे उडत होता. पलीकडचा मागांचा आवाज आता सरळ अंगावर येत होता.

"त्या दुधनीवाल्यानं शेंगा आनल्या हुत्या," त्या म्हणाल्या. आवाजावर आवाज चढवून बोलावं लागत होतं. "आनल्या आन् टोपलीत ठिवून गेला. लेकराला त्येनं न्हाय दिल्या."

त्यांनी हातोडी फरशीवर ठेवली.

"पोरगं किरकिर करत हुतं सकाळपास्नं. माज्या कांड्या राहिल्या हुत्या, माग थांबला आसता. मी सोलून मूठभर दाणे त्याच्या म्होरं ठिवले. म्हनलं, गप्प बस. आन् पाठ केली. गप्प बसलं ग. मला वाटलं, ब्येस झालं."

लेक कापसाकडे बघत होती. घुंगरू जरासं वाजलं.

"अक्का, आणि मालकांना?"

"त्येंना समदं ठावं हुतं. लेकराची मूठ मिटलेली हुती. ती त्येंनी उगडली. दाणे निगाले आतनं, सोललेले. येवढं लेकरू काय सोलतंय व्हय? त्येंनी माज्याकडं बगितलं. लोकं येत हुती दारातनं. त्येंनी दाणे आपल्या खिशात टाकले. मी वरडले, तुमच्या मागानं खाल्लं. तर गेले, आन् स्विच पाडला." अक्कांनी पदरानं तोंड पुसलं. "मरस्तवर म्हनले न्हाईत, दाणे कुनी दिले. मी रोज बोलायची, त्ये रोज ऐकायचे. मला वाटायचं, दाणे मी दिले खरं, पर माग नसते तर मला ऐकू आलं आसतं. तेवढंच धरून हुते. त्ये बी तू काडून घेतलंस."

त्या रागानं म्हणाल्या नाहीत. त्यात दोष देणं नव्हतं, नुसतं सांगणं होतं. मी उरलेल्या गाद्यांचे खिळे काढायला लागले, कारण माझ्या हातांना काहीतरी काम हवं होतं. दोघींनी मिळून भिंत मोकळी केली. गाद्यांखालचा चुना अजून पांढरा राहिला होता.

"लगीन करून आले तवा मला या आवाजानं झोप यायची न्हाय," अक्का म्हणाल्या. "त्येंनी माजा हात धरून हितंच ठिवला हुता. म्हनले, ऐकू नको, हात लावून बग. मंग भ्या वाटत न्हाय."

त्यांनी तळवा भिंतीवर ठेवला. पलीकडे माग चालत होते आणि भिंत हलकेच थरथरत होती. त्यांनी वाकून माझ्या लेकीचा हात घेतला आणि आपल्या हाताच्या खाली, बेताच्या उंचीवर, टेकवला. "हात लाव, बंगारम. घाबरू नको." मी दचकले, ही हात ओढून घेणार. तिनं ओढला नाही. दुसराही हात लावला, मग गाल लावला आणि डोळे मोठे करून तशीच उभी राहिली. अजिबात आवाज न करता.

अक्कांनी तिला 'बोल' म्हटलं नाही. त्यांनीही कपाळ भिंतीला टेकवलं. मला तोवर थोडंफार तेलुगू कळायला लागलं होतं. मागांच्या गोंगाटात त्या भिंतीला हळूच म्हणाल्या, "नेने इच्चिना." मीच दिले. मग पुन्हा म्हणाल्या, "ऐकताव न्हवं? मीच दिले."